मधली उभी रेघ

"मधला स्टंप वाकलाय," हेरवाडे अण्णा म्हणाले.

मागे कुणीतरी खुसखुसलं आणि मग सगळा हॉलच हसला.

"अण्णा, टीव्हीच वाकडा म्हटल्यावर स्टंप सरळ कुठनं येणार?" नेजे गुरुजी म्हणाले. "कर्व्ह टीव्ही आहे तो. मुद्दाम वाकवलेला. हल्ली फॅशन आहे त्याची."

"मी नाही आणला."

"कुणी आणला ते खाली लिहिलंय की."

टीव्हीखाली पितळी पट्टी होती. तिच्यावर कोरलं होतं : कै. बाबगोंडा मगदूम यांच्या स्मरणार्थ. बाबगोंडांचे चिरंजीव भूपाल मगदूम पहिल्या रांगेत बसले होते. ते मात्र हसले नव्हते.

मी भिंतीशी टेप घेऊन उभी होते. वहीत लिहिलं : 'क्रिकेट. मधली खुर्ची. अंतर ३ मी. मधला स्टंप वाकलेला (हेरवाडे).' कंसात नाव लिहायची सवय प्रयोगशाळेतली. कुणी काय पाहिलं ते नंतर आठवत नाही.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी जयसिंगपुरात कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, तेव्हाही शिकवत होते. ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल आमच्याच गल्लीच्या टोकाला आहे. भूपाल मगदुमांनी वडिलांच्या पहिल्या पुण्यतिथीला संघाला पंचावन्न इंची टीव्ही भेट दिला; मध्ये खोलगट, दोन्ही कडा बघणाऱ्याकडे वळलेला. आमच्या भागातला तसला पहिलाच. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. तिसऱ्या दिवशी संघाचे चिटणीस श्रीपाल हेरवाडे, म्हणजे अण्णा, म्हणाले की चित्र वाकडं दिसतं, हा बदलून साधा सपाट टीव्ही आणा. मगदुमांना ते लागलं. बैठकीत आवाज चढले आणि अण्णा रागाच्या भरात बोलून गेले, "टीव्ही बरोबर आहे असं ठरलं तर मी या हॉलमध्ये परत पाय ठेवणार नाही." मगदूम म्हणाले, "आणि चूक ठरला तर माझ्या हातानं उतरवून नेतो."

दोघेही दिलेला शब्द मागे न घेणारे. म्हणून संघाचे अध्यक्ष नेजे गुरुजी माझ्याकडे आले.

"प्रमिला, तू शास्त्राची. तू तपास हा टीव्ही. मॅचला कसा, बातम्यांना कसा, सकाळच्या योगासनांना कसा, बायकांच्या मालिकांना कसा, सगळं बघ आणि लेखी दे. तुझ्या कागदापुढं दोघं गप्प बसतील."

"आणि अण्णांचं काय, गुरुजी?"

"ते तू कागदात काय लिहितेस त्यावर," असं म्हणून ते चहा न घेताच उठले.

अण्णांना तो हॉल म्हणजे काय होता, हे मला ठाऊक होतं. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं ते ड्राफ्ट्समन होते. काकू जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा रवी बंगळुरात. तो दर रविवारी फोन करून सांगायचा, घर विका आणि इकडे या. अण्णांचं उत्तर ठरलेलं असायचं : इथं माझा संघ आहे. सकाळी नऊला हॉल उघडायचा, वर्तमानपत्रं लावायची, दाराजवळच्या काळ्या फलकावर दिवसाचा कार्यक्रम लिहायचा. फलकावरचं त्यांचं अक्षर छापल्यासारखं असे. मी नववीत असताना त्यांनीच मला रेघ मारायला शिकवलं होतं. "पेन्सिल ओढायची, पमे. ढकलायची नाही. ढकललेली रेघ थरथरते." हॉल सुटला असता तर मुलाला द्यायचं उत्तरही संपलं असतं.

मनातून मला वाटत होतं की अण्णा बरोबर निघावेत. तपासणाऱ्यानं असं वाटून घेणं धोक्याचं असतं, हे मीच दर वर्षी मुलांना सांगते.

तर त्या रविवारी दुपारी मी कामाला लागले. टीव्हीच्या दोन्ही कडांना टेकवून दोरी ताणली आणि मधली खोली मोजली : साडेचार सेंटीमीटर. त्यावरून गोलाईची त्रिज्या काढली, चार मीटरच्या थोडी वर. खुर्च्यांच्या जागा खडूनं आखल्या. मग एकेक प्रकार लावायचा आणि माणसांना जागा बदलायला लावून विचारायचं, असं सुरू केलं.

मॅच मधल्या पाच खुर्च्यांवरून उत्तम दिसली. रंग चांगले होते, हिरवळ खरी वाटत होती. बातम्यांच्या वेळी खालून सरकणारी अक्षरं कडेला नीट वाचता येत होती, उलट सपाट टीव्हीपेक्षा बरी. मालिका लावली तेव्हा अक्काताई शिरगुप्पे डावीकडच्या शेवटच्या खुर्चीवर होत्या.

"कसं दिसतंय, अक्काताई?"

"सासू बारीक दिसतीय आणि सून जाड. तशा दोघी उलट्या आहेत."

मी हसू दाबून लिहून घेतलं. कडेला बसलं की जवळची बाजू तिरपी होऊन दबते आणि लांबची आपल्याकडे तोंड करून पसरते. योगासनांची तबकडी लावली तेव्हा तेच झालं. योगासनं करणारे हॉलभर पसरतात, त्यामुळे निम्म्यांना शिक्षकाचा एक हात आखूड दिसत होता. खिडकीचा उजेड तर पडद्यावर लांब पांढऱ्या पट्ट्यासारखा ताणला जात होता. या सगळ्यात नवल काही नव्हतं.

शेवटी मी घरून करून आणलेलं चित्र लावलं. पांढऱ्यावर काळ्या आडव्या-उभ्या रेघा, सारख्या अंतरावर, मध्ये एक ठिपका. एकेकाला मधल्या खुर्चीवर बसवलं.

"वरच्या आडव्या रेघा मधी किंचित खाली आल्यात," नेजे गुरुजी म्हणाले.

"खालच्या वर चढल्यात," मगदूम म्हणाले. "पण सांगितलं म्हणून. एरवी कुणाचं लक्ष जातंय?"

अण्णा बसले. बराच वेळ ठिपक्याकडे बघत राहिले. मान थोडी तिरपी केली.

"मधली उभी रेघ. ठिपक्याच्या जवळ. पोटात आल्यासारखी. आणि तिथं फिकट."

"झालं!" गुरुजी म्हणाले. "मगाशी स्टंप, आता रेघ. उद्या निवेदिकेचं नाक."

लोक पुन्हा हसले. अण्णा हात मांडीवर ठेवून बसले होते आणि अंगठा तर्जनीवर घासत होते, पेन्सिल नसतानाही पेन्सिल धरल्यासारखा. मला ते बघवेना. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अण्णांचं म्हणणं चुकीचं नाही. पडदा वाकलेला असला की रेघ वाकडी दिसणारच. भूमितीच आहे ती."

मगदुमांनी मान फिरवली. आणि अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. कौतुकानं बघतील असं मला वाटलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. डॉक्टर 'काही नाही, जा घरी' म्हणाल्यावर माणूस बघतो तसे ते बघत होते. तेव्हा मी त्याचा विचार केला नाही.

जाताना दाराशी फलक दिसला. 'रवीवार दु. ३ टीव्ही तपासणी' असं लिहिलं होतं, आणि ओळ उजवीकडे घसरत गेली होती.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," अक्काताई म्हणाल्या. "महिना झाला, मीच लिहिते. अण्णा म्हणतात खडू चांगले येत नाहीत आता."

सोमवारी दुपारी माझा एक तास रिकामा होता. प्रयोगशाळेत बसून मी अहवालाचा कच्चा मसुदा लिहायला घेतला. अण्णांच्या तक्रारीवर एक परिच्छेद लिहायचा होता आणि शेजारी आकृती काढायची होती : वक्र पडद्यावर कोणती रेघ किती वाकते. आकृती डोळ्यांसमोर यावी म्हणून मी आलेख कागदाचं एक पान फाडलं, दोन्ही कडा धरून टीव्हीसारखं वाकवलं आणि डोळ्यांसमोर धरलं.

वरच्या आडव्या रेघा मध्ये खाली आल्या. खालच्या वर चढल्या. उभ्या रेघा सरळ राहिल्या.

मी कागद आणखी वाकवला. आडव्या रेघांची धनुष्यं झाली. उभ्या तशाच, ओळंब्याला लावल्यासारख्या. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. उभ्या रेघा जवळ येत होत्या, लांब जात होत्या, वाकत नव्हत्या. वाकणारही नव्हत्या. तो पडदा एकाच दिशेनं वळवलेला होता, डब्याच्या पत्र्यासारखा. वरपासून खालपर्यंत तो सरळच होता.

मी वही उघडली. 'मधला स्टंप वाकलेला (हेरवाडे).' 'मधली उभी रेघ, ठिपक्याजवळ, पोटात. तिथं फिकट (हेरवाडे).' बाकी अकरा जणांनी आडव्या रेघांबद्दल सांगितलं होतं. उभी रेघ फक्त एका कंसात होती.

आदल्या दिवशी सगळ्यांसमोर मी भूमितीचं नाव घेऊन जे बोलले होते, ते साफ चूक होतं. मला त्याची लाज वाटायला हवी होती. पण त्या क्षणी लाज वाटायला जागाच नव्हती. हातातला कागद धरून मी एवढंच मोजत होते की फलक लिहिणं बंद होऊन किती दिवस झाले.

शेवटचा तास दुसऱ्या बाईंना घ्यायला सांगून मी निघाले. अण्णांच्या घराचं दार उघडंच होतं. ते सोप्यात ताट मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होते. बघत नव्हते, बोटांनी चाचपत होते. कोपऱ्यातल्या ड्रॉइंग बोर्डावर चादर टाकलेली होती.

"ये, पमे. झाला का अहवाल?"

"नाही झाला."

"मग बस आणि लिही. टीव्ही वाकडा, असं लिही. कालच म्हणालीस की."

"काल मी चुकीचं बोलले, अण्णा." मी कागद काढला आणि त्यांच्यासमोर वाकवून धरला. "पडदा असा आहे. उभी रेघ त्याच्यावर वाकूच शकत नाही."

त्यांनी कागदाकडे नीट पाहिलंही नाही. तांदळातला हात थांबला होता.

"मला सांगतेस?" ते हळू म्हणाले. "गोल टाकीचा पत्रा उलगडून कागदावर काढायचा म्हणजे काय, ते मी चौतीस वर्षं केलंय. उभी ती उभीच राहते. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला."

मी खाली बसले.

"मग टीव्ही वाकडा का म्हणत होता?"

"दुसरं काय म्हणू?" त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "आधी वाटलं, चष्मा असेल. पुसला. मग वाटलं, खडू असेल. ओळ सरळ ओढतोय असं वाटायचं आणि मागे सरून बघितलं की मध्ये खड्डा. तेवढ्यात हा टीव्ही आला. गावात एकच वस्तू अशी की जिच्यात वाकडं दिसलं तर कुणी नवल करणार नाही. मी म्हटलं, बरंच झालं. टीव्हीच वाकडा निघू दे."

"कुठल्या डोळ्यानं?"

"मी बघितलं नाही."

"अण्णा."

"एकेक डोळा झाकून बघितलं नाही, पमे. बघितलं असतं तर कळलं असतं."

बाहेरून भंगारवाला ओरडत गेला. मी उठून त्यांच्यामागे उभी राहिले आणि समोरच्या दाराची चौकट दाखवली.

"उजवा डोळा झाका. चौकटीचा खांब बघा."

त्यांनी तळहात डोळ्यावर ठेवला. "सरळ आहे."

"आता डावा झाका."

हात बदलायला त्यांना वेळ लागला. माझी घाई नव्हती. मी त्यांच्या मानेमागचे पांढरे केस बघत होते. त्यांनी हात बदलला, आणि मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवली.

"मध्ये पोट आलंय," ते म्हणाले. "जिथं बघेन तिथं येतं. नजर हलवली की तेही बरोबर हलतं." मग म्हणाले, "माझी आई शेवटी भिंत चाचपत चालायची. तिला कुणी दवाखान्यात नेलं नव्हतं. तेव्हा न्यायचेच नाहीत. रवीला कळलं की तो उद्या गाडी घेऊन येईल. डोळे नसलेला माणूस एकटा ठेवतात का? बंगळुरात आठव्या मजल्यावर बसून काय करू मी? तू शोधून काढशील असं वाटत होतं. आणि काढू नयेस, असंही."

"उद्या सकाळी मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं," मी म्हणाले. "साडेआठची एस.टी."

"तुझं कॉलेज?"

"ते एका दिवसानं वाकत नाही."

ते हसले नाहीत, पण ताट पुन्हा मांडीवर घेतलं. "मग तेवढे तांदूळ निवड. माझ्या भातात आठवडाभर खडे येतायत."

मिरजेच्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान होत्या. त्यांनी डोळ्यात थेंब घातले, यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावली आणि पडद्यावर डोळ्याच्या आतलं चित्र दाखवलं. थरांवर थर होते आणि मधोमध एक फुगवटा, खाली पाणी साठल्यासारखा. मला तो लगेच कळला. सरळ रेघेवर ठेवलेला डोंगर. रेघ वाकडी दिसणार नाही तर काय.

"किती दिवस झाले?"

"सव्वा महिना," अण्णा म्हणाले.

"लोक सहा महिन्यांनी येतात. म्हणतात, वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. तोवर मध्ये डाग पडतो आणि मग आमच्या हातात काही राहत नाही." त्या थांबल्या. "तुम्हाला इतक्या लवकर कसं कळलं?"

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "हिनं टीव्ही तपासला."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, त्या म्हणाल्या. महिन्याला एक, अशी निदान तीन. पहिलं त्याच आठवड्यात. बरं होईल का, असं मी विचारलं. "वाढायचं थांबेल, हे बहुतेक नक्की. मागे किती फिरेल ते महिन्यानं कळेल."

परतीच्या एस.टी.त अण्णांनी स्वतःच मुलाला फोन लावला. रवी आला, पहिल्या इंजेक्शनच्या वेळी दोन दिवस राहिला. घराचा विषय त्यानं काढला नाही. जाताना माझा नंबर घेऊन गेला.

तो महिना लांब होता. नेजे गुरुजी दर दोन दिवसांनी फाटकाशी उभे राहत.

"प्रमिला, तू टीव्ही तपासतेस की नवीन बनवतेस?"

"एक मोजमाप बाकी आहे, गुरुजी."

"आणि तोवर अण्णा हॉलमध्ये येईना. मगदूम म्हणतोय, निकालाआधीच पळाला."

अण्णांनी मला कुणाला सांगू नको असं बजावलं होतं. मी सांगितलं नाही. मगदूम बोलत होते आणि मी ऐकून घेत होते. एकदा तर त्यांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "मॅडम, माझ्या वडिलांच्या नावाची वस्तू आहे हो ती. एवढंच सांगा, ती वाकडी आहे की नाही?" त्यांचा आवाज भांडणाचा नव्हता. मी म्हणाले, "आठवडाभर थांबा."

चार आठवड्यांनी आम्ही पुन्हा मिरजेला गेलो. यंत्रात हनुवटी, पडद्यावर चित्र. मी आधी जुनं पाहिलं, मग नवं. मग पुन्हा जुनं, कारण मला खात्री करायची होती की दोन्ही त्याच डोळ्याची आहेत. फुगवटा जवळजवळ बसला होता. डोंगराची टेकडी राहिली होती.

डॉक्टरीणबाईंनी छापील चौकटींचा कागद पुढे केला. "आजोबा, डावा डोळा झाका. मधली रेघ अजून वाकडी आहे?"

अण्णांनी कागद हातभर लांब धरला.

"आहे."

"किती?"

"अर्धा मिलिमीटर. मागच्या वेळी तीन होती." मग कागद जवळ घेऊन म्हणाले, "पण तुमची छपाई जाड आहे. एवढ्या जाड रेघेत अर्धा मिलिमीटर लपतो. मी तुम्हाला दुसरा कागद काढून देतो."

डॉक्टरीणबाई हसू लागल्या. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तिथं नळ होता. मी तोंड धुतलं, आणि पुन्हा धुतलं.

त्या शनिवारी हॉलमध्ये बैठक झाली. अण्णा दारापर्यंत आले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. आत या, म्हटलं तरी येईनात. मी उभी राहून अहवाल वाचला. क्रिकेट आणि सिनेमा : मधल्या पाच खुर्च्यांवरून उत्तम. बातम्या : चांगल्या. मालिका : कडेच्या खुर्च्या आत वळवाव्यात. योगासनं : हा टीव्ही उपयोगाचा नाही, शिक्षक समोर उभा करावा. खिडकीला पडदा लावावा. टीव्हीत कोणताही दोष नाही.

मगदुमांनी डोळे मिटून श्वास सोडला. दाराबाहेर अण्णा खाली बघत होते.

"शेवटचा मुद्दा," मी वाचलं. "श्री. हेरवाडे यांची तक्रार. मधली उभी रेघ वाकडी दिसते, ही तक्रार तपासली. ती खरी आहे. या पडद्यावर उभी रेघ वाकू शकत नाही, म्हणूनच तक्रारीचं कारण शोधावं लागलं. ते त्यांच्या उजव्या डोळ्यात सापडलं. उपचार सुरू आहेत आणि गुण येत आहे. सपाट टीव्ही असता, तर मी चित्र लावून रेघा तपासल्याच नसत्या. तपासणीच्या दिवशी मी सर्वांसमोर जे विधान केलं ते चुकीचं होतं. ते मी मागे घेते."

हे सांगायची परवानगी अण्णांनी सकाळीच दिली होती. अक्काताईंच्या तोंडून "अगं बाई" एवढंच बाहेर पडलं.

मगदूम उठले. दाराशी गेले. "डोळ्याचं होतं तर सांगायचं नाही का, अण्णा? मी आपला महिनाभर…" मागे वळून त्यांनी पितळी पट्टीकडे पाहिलं. "आमच्या बाबांना शेवटी दिसत नव्हतं. आम्ही म्हटलं, वय झालं."

"आत या आता," मी अण्णांना म्हणाले.

"मी शब्द दिलाय. टीव्ही बरोबर ठरला. हॉलमध्ये पाय ठेवणार नाही म्हणालो होतो."

नेजे गुरुजी खुर्ची सरकवत म्हणाले, "मग ठेवू नको. मगदूम, तिकडनं धर. उचलून खुर्चीवर बसवू. बसल्यावर पाय वर घे."

दोघांनी खरंच काखेत हात घातले. अण्णा ओरडले, शिव्या दिल्या, आणि पहिल्या रांगेच्या मधल्या खुर्चीवर बसवले गेले. पाय त्यांनी दोन मिनिटं वर धरले असतील.

सोमवारी फलकावर छापल्यासारख्या अक्षरांत ओळ होती : 'आज दु. २ मॅच. मधल्या पाच खुर्च्या वयाप्रमाणे. खोटं वय सांगू नये.' मी कॉलेजला जाता जाता थांबून ती डावीकडून उजवीकडे पाहिली. कुठेही घसरली नव्हती.

तिसऱ्या इंजेक्शननंतर अण्णांनी ड्रॉइंग बोर्डावरची चादर काढली आणि चौकटींचा कागद स्वतः काढला, केसाएवढ्या रेघांचा. एक प्रत मिरजेला पाठवली. एक स्वतःच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. रोज सकाळी एकेक डोळा झाकून बघायचं आणि मला मोबाइलवर कळवायचं, असं आमचं ठरलं. मजकूर एका शब्दाचा : सरळ.

मध्ये दोन वेळा 'पाव मि.मी.' असा आला. दोन्ही वेळा आम्ही त्याच दिवशी मिरजेला गेलो, इंजेक्शन घेतलं, आणि काही आठवड्यांत शब्द पुन्हा पहिल्यासारखा झाला. अण्णा आता ब्याऐंशीचे आहेत. टीव्हीचे रंग उतरलेत, मगदूम नवा देतो म्हणतात, संघ घेत नाही.

गेल्या मंगळवारी साडेआठपर्यंत काही आलं नाही. पावणेनऊला मी फोन लावला, बंद होता. पर्स तशीच टाकून गल्ली ओलांडली. दार आतून लावलेलं. मी कडी वाजवली, पुन्हा वाजवली. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

अण्णांनी दार उघडलं. गालाला साबणाचा फेस होता.

"काय गं? काय झालं?"

मला दम लागला होता. मी नुसतं डोळ्याकडे बोट केलं.

"मोबाइलचं चार्जिंग संपलंय," ते म्हणाले. "आणि तुझ्या कडी वाजवण्यानं माझा तांब्या पडला. सरळ आहे. जा कॉलेजला, उशीर होतोय."